बाजारातला मन वाचणारा खांब

"बायांनो, हिच्या हातच्या शेवया खाल तर बाटाल!" असं ओरडत कुमुदताईंनी मिरजेच्या भर बाजारात शमशादच्या डोक्यावरची ओढणी खस्सकन ओढली. शमशादच्या दुकानापुढे रांग आणि आपल्या शेवयांवर नुसत्या माश्या, हे त्यांना आठवडाभर बघवत नव्हतं.

चौकातला मन वाचणारा खांब लगेच पेटला. तांबडा दिवा म्हणजे धर्मद्वेष, थेट अटक. पण दिवा लागला पिवळा आणि खांब खणखणीत बोलला, "धर्मद्वेष नाही. नुसता जळफळाट!"

सगळा बाजार फिदीफिदी हसला.

"मी जळते? हिच्या त्या सुतळीएवढ्या शेवयांवर?" कुमुदताई खांबाशेजारी उभ्या असलेल्या हवालदारावर खेकसल्या. "अहो, अटक करा मला, पण असलं काही बोलू नका!"

"जळण्याला कायद्यात कलम नाही, ताई. जा घरी."

तेवढ्यात रांगेतल्या पहिल्या बाईंनी हातातलं पुडकं हळूच परत ठेवलं आणि त्या निघून गेल्या. मागच्याही पांगल्या.

शमशादनं ओढणी झटकून पुन्हा डोक्यावर घेतली.

"हिच्या मनात नव्हतं, मान्य," ती म्हणाली. "पण हवालदारसाहेब, त्या बायांच्या मनात आता काय शिरलंय, तेही विचारा की तुमच्या खांबाला."