काही पुसलं जाऊ नये

"हा रूट करून द्याल का?"

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या काकांनी काउंटरवर फोन ठेवला. शब्द कुठून तरी ऐकून, घोकून आणल्यासारखा त्यांनी उच्चारला.

दुकानदारानं फोन हातात घेतला. मागच्या कव्हरवर फुलपाखराचं स्टिकर, काचेच्या कोपऱ्यात बारीकसा तडा. हा काही काकांच्या वयाच्या माणसाचा फोन नव्हता.

"रूट कशासाठी हवंय?"

"मुलीचा आहे," काका म्हणाले. "मुलगी गेली आमची."

दुकानदारानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दाराशी काकू उभ्या होत्या, पर्सचा पट्टा मुठीत आवळून. डोळे कोरडे, पण कित्येक दिवस न झोपलेले.

"बसा काका. काकू, तुम्हीही या ना आत." त्यानं पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "कधी झालं हे?"

"महिना होत आला."

"आजारी वगैरे...?"

"नाही हो. चांगली धडधाकट होती." काकांनी जमिनीकडे पाहिलं. "पोटच्या पोरीनं असं केल्यावर माणसानं चार लोकांत कसं वावरायचं, सांगा."

दुकानदाराला जे कळायचं ते कळलं. त्यानं फोन सुरू करून पाहिला. त्याची स्वतःची मुलगी अजून शाळेत होती.

फोनचा पॅटर्न काकूंना माहीत होता. अडचण पुढे होती. मुलीच्या मेसेजच्या ॲपला वेगळं कुलूप होतं आणि त्याचा पासवर्ड तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. आधीच्या दुकानांतून त्यांना वाटेला लावलं होतं.

"शेवटी ती कुणाशी बोलत होती, काय बोलत होती, एवढं जरी कळलं तरी जीव थाऱ्यावर येईल," काका म्हणाले. "नुसतं बसून राहायचं झालंय. कुणाला विचारायचं, कुठं जायचं, काही सुचत नाही."

दुकानदारानं लॅपटॉप पुढे ओढला.

"काका, आधी नीट समजून घ्या. कंपनी आपल्याला फोन वापरायला देते, पण आतली एक खोली बंद ठेवते. रूट म्हणजे त्या खोलीची किल्ली. मेसेज तिथंच आहेत. किल्ली मिळवायचे मार्ग मात्र सगळे सारखे नाहीत. सरळ मार्गानं बूटलोडर, म्हणजे फोनचं मूळ कुलूप, उघडायला गेलो, तर फोन स्वतःच सगळं पुसून टाकतो. एकदा गेलं की गेलं."

"सगळं?" काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "म्हणजे काहीच उरत नाही?"

"काहीच नाही."

"मग तसंच करा ना," काकू घाईनं म्हणाल्या. "सरळ मार्गच बरा."

"अगं, कळतंय का तुला काही?" काका त्यांच्याकडे वळले. "गप्प बस."

दुकानदार समजुतीनं हसला. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, अर्धं ऐकलं जातं, अर्धं निसटतं. "नाही काकू, तो मार्ग आपण घ्यायचाच नाही. एका बटणात रूट करून देणारी फुकटची ॲपही नकोत. तुमच्या मुलीचं बोलणं कुठल्या परक्याच्या हाती पडेल, सांगता येत नाही." त्यानं सेटिंग उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हिनं फोन बरेच दिवस अपडेटच केलेला नाही. सुरक्षेतली जुनी फट अजून उघडी आहे. तिथून तात्पुरतं रूट मिळेल. फोन परत सुरू केला की आपोआप जाईल. काही पुसलं जाणार नाही."

"करा," काका म्हणाले.

काकूंनी काउंटरवरून हात पुढे करून दुकानदाराचं मनगट धरलं. "राहू दे ना बाळा. कशाला उकरायचं?"

त्यांचा हात गार पडला होता. असे लोक त्यानं पाहिले होते. ऐन वेळी त्यांचा धीर सुटायचा आणि मग ते जन्मभर हळहळत बसायचे. त्यानं अलगद आपलं मनगट सोडवून घेतलं.

"काकू, माझ्यावर विश्वास ठेवा. एक अक्षर जाऊ देणार नाही मी."

काकू मागच्या स्टुलावर मटकन बसल्या.

त्यानं आधी फोन पुरता चार्ज केला. मग केबल जोडली, बाहेरची पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि कामाला लागला. पहिल्या खेपेला फोन गोठला. स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

"बिघडला?" काकूंनी मान वर करून विचारलं.

"नाही नाही, होतं असं. येईल परत."

काकूंनी डोळे मिटून घेतले. ओठ काहीतरी पुटपुटत होते. आपल्या कामासाठीच देवाला साकडं घालताहेत, असं वाटून त्यानं आणखी जपून हात चालवला. दुसऱ्या खेपेला लॅपटॉपवर हिरवी ओळ उमटली. खोली उघडली होती. त्यानं मेसेजची आख्खी फाइल उतरवून घेतली, ती शाबूत आहे ना हे तपासलं आणि मगच श्वास सोडला.

वाचलं मात्र त्यानं काही नाही. दुसऱ्याच्या दुःखात किती डोकावायचं, हे त्याला कळत होतं. लॅपटॉप काकांकडे वळवून तो भिंतीवरची कव्हरं उगाच नीट लावत राहिला.

काका एकेक ओळ बोटानं पुढे सरकवत वाचत होते. बराच वेळ. मग बोट एका जागी थांबलं. त्यांनी लांब उसासा टाकला आणि उठून दुकानदाराचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फार उपकार झाले तुमचे."

स्टुलावर काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, खांदे गदगदत होते. त्यानं पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही.

काकांनी दार उघडलं, उंबऱ्यावर उभं राहून स्वतःच्या फोनवरून नंबर लावला.

"हां, पत्ता सापडला," ते शांतपणे म्हणाले. "त्या पोराबरोबरच राहतेय. गाडी काढा, आणि या वेळी दोघांपैकी एकही जिवंत सुटता कामा नये."