मुअताजचा अर्ज

"गणित लिहा," उम्म मुअताज, म्हणजे मुअताजची आई, म्हणाली. "विज्ञान नको. तिकडे जीवशास्त्र येतं, भूगर्भशास्त्र येतं. त्याला कॉम्प्युटरच्या कॉलेजात जायचंय."

शाळेच्या कचेरीतल्या उस्ताद फिक्रींनी चष्मा वर सरकवला. शेवटच्या वर्षाचे विषय ठरवायचा अर्ज तीन प्रतींत असतो, आणि आईबापांपैकी कोणीतरी समोर बसल्याशिवाय फिक्री तो भरत नसत. सकाळपासून वीस-बावीस बाप येऊन गेले होते. प्रत्येकाला घरात डॉक्टर हवा होता.

"गणिताला मार्क पडत नाहीत हं," फिक्री म्हणाले. "पोरं रडतात."

"माझा रडत नाही. तो म्हणतो, गणिताशिवाय कॉम्प्युटरवाले दारात उभं करत नाहीत. खरं ना?"

"खरं."

"मग कशाला उगाच माझी परीक्षा घेताय? लिहा."

फिक्रींनी लिहिलं. "दुसरी परकी भाषा? फ्रेंचच ना?"

"फ्रेंच होती. आता इटालियन लिहा. तेवढ्यासाठीच तर गेला होता मेला."

पलीकडच्या टेबलावर बसलेल्या मिस इनासने मान खिडकीकडे वळवली. फिक्रींनी मात्र शांतपणे 'इटालियन' लिहिलं. त्यांना आता सवय झाली होती.

मुअताज जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. शाळेच्या शेवटच्या आधल्या वर्षाची परीक्षा संपल्या संपल्या गावातली चार पोरं लिबियाला गेली आणि तिथून समुद्रापलीकडे जायला रात्रीच्या नावेत बसली. नाव बुडाली. दोघांची प्रेतं आली. मुअताज आणि सुताराचा धाकटा यांचं काहीच आलं नाही, चप्पलसुद्धा नाही. गावाने महिनाभर वाट पाहिली आणि मग मशिदीत त्या दोघांची, देहाशिवायच, जनाज्याची नमाज पढली. सुताराच्या घरी रीतसर रडणं झालं. हिच्या घरी शेजारणी मयताची बिनसाखरेची कॉफी उकळायला गेल्या, तर हिने भांडं अंगणात भिरकावलं. त्यानंतर दरवर्षी शाळा उघडली की ती अर्ज भरायला हजर.

पहिल्या वर्षी फिक्रींनी तिला समजावून पाहिलं. ती दोन दिवस दारात बसून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही. तेव्हा त्यांनी अर्ज भरला, त्यावर शाळेचा निळा शिक्का मारला आणि तिच्या तोंडाला पानं पुसली. बाई शांतपणे घरी गेली. खरा शिक्का गरुडाचा. तो उमटल्याशिवाय या देशात कागद कागद होत नाही, आणि तो हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद असतो. तिला अक्षरओळख नव्हती. शिक्क्या-शिक्क्यातला फरक तिला कोण सांगणार?

"फोन येतो का त्याचा?" फिक्रींनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"येतो की. कोणाच्या ना कोणाच्या फोनवरून. दोन मिनिटं बोलतो, की खटकन बंद."

तिचा फोन साऱ्या गावाने पाहिला होता. काच फुटून काळी पडलेली, उजेड म्हणून नाही. भर बाजारात ती तो कानाला लावून बोलत उभी राहायची आणि टोमॅटोवाले एकमेकांना कोपराने डिवचायचे.

"यंदा चुकवू नका, उस्ताद. तुम्हीच म्हणाला होतात, तीन वर्षं नाव गेलं नाही तर मुलाचा हक्क संपतो."

"चुकवीन कसा? मागची दोन वर्षं चुकवलं का?"

"नाही हो. अल्ला तुमच्या लेकरांना सुखात ठेवो."

ती गेली. फिक्रींनी तिन्ही प्रती एकत्र केल्या, उभ्या फाडल्या, मग आडव्या फाडल्या.

"उस्ताद, पाप आहे हे," मिस इनास म्हणाली. "पाठवून द्या ना एकदा वर. काय बिघडतं?"

"मेलेल्याच्या नावाने अर्ज पाठवू? चौकशी लागेल मागे. दोन वर्षांत रिटायर होतोय मी."

"मग तिला सरळ खरं सांगा."

"खरं सांगितलं तर ती मरेल. कागद फाडल्याने कोणी मरत नाही."

फिक्रींनी चहा मागवला. त्या दिवशी घरी जाताना त्यांना थोडं हलकंच वाटलं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून दिल्यावर वाटतं तसं.

जूनमध्ये बैठक क्रमांक वाटायचा दिवस आला. व्हरांड्यात पोरांची ही गर्दी. त्यातून वाट काढत उम्म मुअताज आत आली. नवा काळा रुमाल बांधला होता, आणि धाप लागली होती.

"तळमजल्यावर बाक मिळेल का, उस्ताद? त्याला जिना चढवत नाही."

"मिळेल, मिळेल," फिक्री रजिस्टरातून डोकं न उचलता म्हणाले.

"नुसतं मिळेल नको. लिहून घ्या."

"लिहिलं बघा."

"आधी त्याला बघा तरी. किती वाळलाय."

फिक्रींनी कंटाळून मान वर केली. ती बाजूला सरकली. तिच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून, एका पायावर भार देत दाढी वाढलेला एक पोरगा उभा होता.

"सलाम, उस्ताद," तो म्हणाला. "तीन वर्षं लिबियाच्या तुरुंगात कोंडून ठेवलं होतं आम्हाला. फोनवर अम्मी म्हणायची, अभ्यास कर, तुझं नाव उस्ताद फिक्री सांभाळतायत. माझा बैठक क्रमांक काय आहे?"