गेल्या वर्षीचे आकडे

"खाली एक मीटर चाळीस, तोंड तीनवर," सासऱ्यांनी आवाज दिला.

जावई ड्रिलच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या पुढ्यातल्या पडद्यावर एक मीटर दहा दिसत होतं, आणि तोंड दहावर. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून त्याने परत विचारलं. सासऱ्यांनी तेच आकडे परत सांगितले, वर कान साफ करून घे म्हणाले.

कंपनीच्या आवारात हंगामाची तयारी चालली होती. आठवड्याभरात रस्त्यांखालून नळ्या टाकायची कामं सुरू होणार, मग चार महिने कुणाला डोकं खाजवायला फुरसत नाही. भिंतीलगत रॉड मांडून त्यांच्या आट्यांना ग्रीस लावून झालं होतं. चिरलेले होज पाइप बदलले होते, भोकात सोडायचा चिखल कालवायची टाकी धुऊन उन्हात ठेवली होती. यंत्रं तपासून झाली, आता माणसांची पाळी. दर वर्षी आवारातच जमिनीखालून तीस मीटरचं आडवं भोक पाडायला लावून प्रत्येक जोडीची परीक्षा घेत.

जोडीतला एक यंत्रावर बसून रॉड आत ढकलतो. दुसरा हातात लोकेटर धरून वरून चालतो. ड्रिलचं डोकं खाली कुठे आहे, किती खोल आहे आणि त्याचं तोंड घड्याळातल्या कुठल्या आकड्याकडे वळलंय, हे लोकेटर सांगतो. खोली आणि तोंड बसणाऱ्याच्या पडद्यावरही येतात. चालणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, बसणाऱ्याने ताडून बघायचं. पण डोकं नेमकं कुठे आहे, ते मात्र चालणाऱ्यालाच कळतं. तो हातभर बाजूला उभा राहिला, तर पडद्यावरची खोलीही खोटी.

सासऱ्यांना हे काम हातचा मळ होता. जावयाला त्यांनीच शिकवलं, आणि मग मुलगी दिली. आधी जोडी जमली, मग लग्न जमलं, असं सासूबाई पाहुण्यांना हसून सांगत. मागच्या महिन्यात सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तेही कुणाला बरोबर न घेता. वयाच्या मानाने ठीक आहेत, एवढंच घरी येऊन म्हणाले होते.

"एक मीटर साठ, तोंड बारावर."

पडद्यावर एक मीटर वीस होतं, आणि तोंड सहावर. आकडे लिहायचा पॅडवरचा कोरा तक्ता उचलून जावयाने खालचा कागद बघितला. तो गेल्या वर्षीच्या परीक्षेचा होता, त्याच्याच अक्षरातला. एक चाळीस, तीनवर. एक साठ, बारावर. आणि शेवटच्या ओळीत एक मीटर तीस, तोंड नऊवर.

त्याने रॉड पुढे ढकलला आणि वाट बघत बसला. सासरे लोकेटर पोटाशी धरून पावलं मोजत निघाले, सरळ रेषेच्या चांगले हातभर डावीकडून. थांबले. लोकेटरच्या पडद्याकडे बघितल्यासारखी मान खाली घातली.

"एक मीटर तीस, तोंड नऊवर."

सुपरवायझर बाई यादी घेऊन आल्या. सकाळपासूनची ही सातवी जोडी होती आणि अजून चार बाकी होत्या. जुळतात ना, असं त्यांनी विचारलं, पण पडद्याकडे बघितलं नाही. तशी पद्धतच नव्हती. चुकलं तर ज्याच्या पायाखाली गॅसची नळी उडायची, तो तक्त्यात खोटं कशाला लिहील, असा कंपनीचा हिशेब.

खरं सांगितलं तर सासरे आज दुपारीच घरी. दिसत नसलेल्या लोकेटरवाल्याला इथे दुसरं काम नव्हतं. आणि हंगामाच्या तोंडावर एकट्या ऑपरेटरला कोण विचारतो? बाकीच्या जोड्या केव्हाच ठरलेल्या. पण त्याला खरी भीती काम जाण्याची नव्हती. सासऱ्यांकडे बघून हे बोलायचं कसं, याची होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच त्याने तक्त्यात सासऱ्यांचे आकडे लिहून तिन्ही ओळींसमोर बरोबरची खूण केली.

बाईंनी सही ठोकली. पहिलं काम इस्पितळामागच्या रस्त्यावर, म्हणाल्या. तिथून गॅसची मोठी नळी जाते, नवख्या पोरांना पाठवायची माझी छाती नाही, तुम्ही दोघं मुरलेले आहात. मग त्या पुढच्या जोडीकडे गेल्या.

सासरे पायाने चाचपत आले आणि यंत्राच्या पायरीवर टेकले. लोकेटर त्यांनी मांडीवर ठेवला.

"जुळले?"

"जुळले, बाबा."

जावयाने रॉड मागे ओढायला सुरुवात केली, तेव्हा सासरे बोलले, तेही हळू, यंत्राच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"हंगामात असं करू. तू फोनवरून माझ्या कानात आकडा सांगायचा. मी तोच मोठ्याने म्हणेन. कुणाला कळायचं नाही."

जावयाने यंत्र बंद केलं.

"आणि उभं कुठे राहायचं, बाबा?"

"तेही तूच सांग ना," सासरे म्हणाले.