एकमत

देशावरच्या कर्जावरून सभागृहात सकाळपासून हमरीतुमरी चालली होती. “श्रीमंतांवर कर लावा!” एक पक्ष ओरडे. “आधी उधळपट्टी थांबवा!” म्हणत दुसरा बाकं बडवी. टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभ्या राहून दुभाषीबाई त्यांचा शब्द न् शब्द खुणांच्या भाषेत सांगत होत्या. कर्णबधिरांच्या शाळेत त्यांची लेक आणि तिच्या वर्गातली मुलं जीव मुठीत धरून तोच टीव्ही बघत होती.

संध्याकाळी दोन्ही पक्षांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. कर्णबधिरांच्या शाळांचं अनुदान बंद.

बाईंचे हात हवेतच थिजले. लेकीला हे सांगायचं तरी कुठल्या हातांनी? शेवटी त्यांनी खुणा केल्या, ‘शाळा वाचली.’ त्या सभागृहात ती भाषा दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं फुलं घेऊन सभागृहाच्या दारात हजर झाली. बाईंची लेक सगळ्यांत पुढे, आनंदाने भराभर खुणा करत होती. कॅमेरे दिसताच दोन्ही पक्षांचे नेते हसत हसत बाहेर आले.



“अहो बाई,” त्यांच्यातल्या एकाने मागून येणाऱ्या दुभाषीबाईंनाच हाक मारली, “काय म्हणताहेत हो ही पोरं?”