सहीवाल्यांची रांग

थोरल्या लेकीला मुलगा झाला, त्या वर्षी तिने मला माझी सही गिरवायला शिकवली. त्याच महिन्यात कारखान्याने सगळ्यांना एका कागदासाठी ऑफिसात बोलावलं.

"अंगठेवाले डावीकडे, सहीवाले उजवीकडे!" कारकून ओरडला.

भट्टीवरचा माझा जोडीदार डावीकडे गेला, मी ऐटीत उजवीकडे. अंगठेवाल्यांना कागद वाचून दाखवायचा नियम होता.

"वाचलात ना, काका?" कारकुनाने मला विचारलं.

"वाचला की!" मी म्हणालो आणि सही केली.

जोडीदार तणतणत बाहेर आला. "पेन्शन सोडा आणि थोडे पैसे घेऊन गप्प बसा म्हणे! मी नाही दिला अंगठा. तू?"

माझा चेहरा बघून तो समजला. "अरे, आत जा. वाचता येत नाही म्हणून सांग. कागद अजून टेबलावरच आहे."

"एवढ्या लोकांसमोर?" मी म्हणालो आणि सायकल काढली.

घरी सांगितलं, कंपनीने न विचारता पेन्शन काढून घेतली. बायको कंपनीला शिव्या घालत अठरा वर्षं लोकांचे कपडे शिवत राहिली. खरं काय ते तिला उद्या सांगू, असं मी रोज म्हणायचो. ती गेल्या वर्षी मार्चमध्ये वारली.