शेवटचा दाखला

थोरल्या बहिणीच्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर दिलं नव्हतं. आज त्याच पत्रातली एक ओळ, तो रचत असलेल्या इंग्रजी-मराठी कोशाच्या तपासायच्या मुद्रितात समोर आली, 'फ्लड' या शब्दाखाली, वापराचा शेवटचा दाखला म्हणून.

छापखान्याला त्या पानावरून दोन ओळी कमी करून हव्या होत्या. समोरच्या टेबलावरची सहायक बाई एकेक अर्थ वाचत होती. नदीचा पूर. समुद्राची भरती. माणसांचा लोंढा. मैदानावरच्या दिव्यांचा झोत. इंजिनात पेट्रोल जास्त जाऊन गाडी बंद पडणं. बाजारात माल ओतणं. 'पत्रांचा पूर' तिने खोडला. आपल्याकडे पत्रांचा पाऊस पडतो, म्हणाली. मग चष्म्यावरून बघत तिने विचारलं, या एका शब्दात सर किती दिवस बुडी मारून बसले होते.

चौदा महिने, तो म्हणाला. ती हसली.

शेवटच्या दाखल्याशी ती थांबली. 'पाणी पायरीवर आलं, मग उंबऱ्यात, मग उशाशी.'

"हा काढायचा नाही हं, सर. अख्ख्या कोशात असं वाक्य नाही. पण लेखक कोण? कार्डावर नाव नाही."

तिने खोक्यातलं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. ओळ त्यानेच पत्रातून कात्रीने कापून चिकटवलेली होती. वाक्य त्याला फार आवडलं होतं. जुना गोंद सुटला होता, पट्टी हातातच आली. बहीण कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहायची. मागे होतं, 'घर राहिलं नाही. तुझ्या मागच्या खोलीत एक खाट मावेल का रे?'

मागच्या खोलीत तेव्हा कार्डांची खोकी होती, पार छतापर्यंत. 'एफ' अक्षराचे शब्द आवरले की खोकी हलतील, मग लिहू, असं त्याने ठरवलं होतं. बहीण शाळेच्या एका वर्गात, पुरातून वाचलेल्या इतरांबरोबर सतरंजीवर राहिली. तिथेच गेली. तो त्या दिवशी पाचव्या अर्थावर होता.

"सर, नाव?"

"माझी ताई. ती लेखिका नव्हती."

बाईने पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलून विचारलं, मग काय लिहू.

"खाजगी पत्र, एवढंच लिहा. बाकीचं कोशात बसत नाही."

जेवणाच्या सुट्टीत तो पोस्टात गेला. बाकावर बसून त्याने कागदावर लिहिलं, 'ताई, मावेल. ये.' एवढ्याशा मजकुरात त्याने दोनदा खाडाखोड केली. पाकिटावर तिच्या जुन्या घराचा पत्ता घातला, मागे आपला.

खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचला, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"आजोबा, ही आळी तर केव्हाच वाहून गेली. घेणारं कोणी नसलं की पत्र तुमच्याकडेच परत येईल."

"येऊ दे," म्हातारा म्हणाला. "आता खोली रिकामी आहे."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.