परस्पर संमती

"न्यायाधीश विचारतील, आता एकत्र राहणं शक्य नाही, असं आहे ना? तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं," वकीलबाईंनी बाकावरच्या दोघींना पुन्हा बजावलं. "आणि चेहरे जरा पाडा. घटस्फोट घ्यायला आलात, सहलीला निघाल्यासारख्या काय बसलात!"

दोघी हसल्या. त्यांतली एक घरी शिवणकाम करायची. दुसऱ्या बाई एका शाळेत गणित शिकवायच्या. चोवीस वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा त्या गणिताचे सर होते. तीन वर्षांपासून गणिताच्या बाई झाल्या होत्या. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका पोराने गोंधळून त्यांना 'सरबाई' म्हटलं. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि शाळेपुरता प्रश्न मिटला.

कागदावर मिटला नव्हता. दीड वर्षापूर्वी बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ओळखपत्रावर 'पुरुष' होतं, म्हणून त्यांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं. आठ दिवस त्या पडदा ओढून पडून होत्या. संडासात जायची वेळ येऊ नये म्हणून पाणीसुद्धा जेमतेम घोटभर पीत होत्या. घरी आल्यावर बायकोनेच निक्षून सांगितलं, "अहो, ते कार्ड आधी बदला."

कार्ड बदलायचा कायदा नुकताच झाला होता. त्यात अट होती, अर्जदार विवाहित नसावा. बाईचं बाईशी लग्न कायद्याला माहीतच नव्हतं. "कार्ड हवं तर लग्न सोडा, लग्न हवं तर कार्ड सोडा," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "एक वर्ष वेगळ्या राहा, मग परस्पर संमतीने घेऊन टाकू. नंतर राहा की पुन्हा एकत्र, कोण बघायला येतंय?"

नुसता खोटा पत्ता द्यायला बाई तयार नव्हत्या. गणितात एक पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. त्यांनी शाळेजवळ खरोखरच एक खोली घेतली. सुरुवातीला बायको रोज संध्याकाळी डबा घेऊन जायची. मग दिवसाआड जाऊ लागली. मग गणवेशांची शिलाई अंगावर पडली आणि डबा रविवारवर आला.

पुकारा झाला. दोघी आत गेल्या.

न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवून अर्ज वाचला. "मारहाण वगैरे?"

"छे," ती म्हणाली.

"व्यसन? भांडणं?"

"पंख्यावरून व्हायची. यांना चारवर लागतो, मला दोनवर."

न्यायाधीश हसले, मग हसू आवरून म्हणाले, "यामागचं कारण मला दिसतंय. पण कायद्यात आहे ते मला विचारावंच लागतं." त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं. "आता एकत्र राहणं शक्य नाही, असं आहे ना?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागून वकीलबाई खाकरल्या. बाई कसंबसं "हो" म्हणाल्या. ते टंकलेखकाला ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. तेव्हा त्यांचा आवाज फाटला.

मग न्यायाधीश तिच्याकडे वळले. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "हो."

दहा मिनिटांत सगळं उरकलं. "सुटलात! महिन्याभरात कार्ड हातात," म्हणत वकीलबाई पुढच्या खटल्याकडे धावल्या. दोघी जिना उतरू लागल्या.

"तू झकास म्हणालीस," बाई म्हणाल्या. "मला मेलं जमेचना." दोन पायऱ्या उतरून त्या पुढे म्हणाल्या, "रविवारी टेम्पो सांगितलाय. फार नाही, खोलीवरची पुस्तकं आणि ती खाट. खाट विकूनच टाकू का?"

ती कठडा धरून पुढची पायरी बघत उतरत राहिली.

"रविवारी तुला काम आहे का? मग पुढच्या रविवारी आणते."

"एवढ्यात नको."

बाई थांबल्या. खालून वर येणाऱ्या माणसांना वाट द्यायला दोघी भिंतीला टेकल्या.

"मी ठरवून नव्हते आले हो," ती म्हणाली. "शप्पथ. वकीलबाईंनी शिकवलं तेच म्हणायला गेले. पण म्हटलं, आणि कळलं की ते खोटं नाही."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार? तुम्ही किती सुखात दिसता आता. मला बघूनच बरं वाटतं." तिने पदराने नाक पुसलं. "पण मला ते फार आठवतात. आणि हे सांगायचं कुणाला?"

कोण ते, असं बाईंनी विचारलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिनेही काढून घेतला नाही. सुईने टोचून खरबरीत झालेली तिची बोटं त्यांच्या मुठीत गार पडली होती.

फाटकासमोरच बसचा थांबा होता. बाईंच्या खोलीकडे जाणारी बस आधी आली. दारात गर्दी होती. बाई पर्स सावरत पायरीशी गेल्या.

"एकट्या जाल ना नीट?" तिने मागून विचारलं.

बाई वळल्या. गेली तीन वर्षं ती त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरायची. तोही नाही आणि तीही नाही, असे. आज पहिल्यांदा तिच्या तोंडून 'एकट्या' आलं होतं. ते तिच्याही लक्षात आलं आणि तिने ओठ घट्ट मिटले.

कंडक्टरने घंटी मारली.

"जाते," बाई म्हणाल्या. 'येते' म्हणाल्या नाहीत.